शीलावहिनींच्या मशीनखालची तुळई

शीलावहिनींचा मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगते. उगाच गोड गोड बोलायला मला जमत नाही.

टेंभी नाक्याजवळ आमची एकमजली चाळ. वर जायला एकच जिना आणि सगळ्यांच्या दारांपुढून जाणारी लाकडी गॅलरी. वहिनी लग्न होऊन संगमेश्वरहून आल्या त्या इथेच. आत उजेड नाही म्हणून शिलाई मशीन गॅलरीत टाकलं आणि अख्ख्या नाक्याचे ब्लाऊज शिवले. तोंड मात्र मशीनपेक्षा जोरात! कुणाची सून रुसली, कुणाचा पोरगा नापास झाला, सगळ्या बातम्या तिथेच. त्यांच्या नवऱ्याची, उत्तमभावजींची, एक बाजू पॅरालिसिसने गेली, तेव्हापासून घर चालतं ते त्या मशीनवर.

यंदा स्ट्रक्चरल ऑडिट निघालं. इमारत अतिधोकादायक ठरली की खोल्या खाली करायच्या, आणि परत कधी मिळणार ते कुणी सांगत नाही. वहिनींचा विनीत बदलापूरला एका खोलीत, बायको-पोरांसकट. तिथे भावजींना झोपवायचं कुठे? आणि इकडे वहिनींच्या आणि माझ्या दाराच्या मधली गॅलरीची तुळई वाळवीने पार पोखरलेली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या भोकांत रंगारी वापरतात ती लांबी भरली, वरून ऑइलपेंट मारला. तरी धाकधूक होतीच. मग वहिनीच म्हणाल्या, "मी मशीन तिथेच सरकवून शिवत बसते. बाईमाणसाला कोण उठवतंय?"

इंजिनीअर आला, हातोडीने ठोकत ठोकत वहिनींपाशी पोचला. "काकू, जरा उठता का?"

"नवरीचा ब्लाऊज आहे हो साहेब, आजच द्यायचाय."

पोरगा बिचारा हसला आणि पुढे गेला. उतरताना म्हणाला, "डागडुजीत भागेल असं वाटतंय."

झालं! सगळी चाळ मशीनभोवती गोळा. कुणी पेढे आणले, कुणी वहिनींची नक्कल करायला लागलं. माझी सान्वी तर नाचत सुटली. वहिनी ओरडल्या, "मागे व्हा रे! अरे, मागे व्हा!" आम्हाला वाटलं, बाईंचं नाटक अजून चालूच आहे, म्हणून आम्ही आणखी हसलो. तशा त्या ताडकन उठल्या, कठड्यावरून वाकल्या आणि स्कूटर काढणाऱ्या इंजिनीअरला हाक मारली, "साहेब, वर या. इथे ठोका."

पहिल्याच ठोक्याला लांबीचा पापुद्रा फुटला आणि आतून नुसता भुसा पडला. खोल्या खाली करा, म्हणाला.

संध्याकाळी मी तणतणत वहिनींकडे गेले. "अख्खी चाळ रस्त्यावर आणलीत! आमचं सोडा, भावजींना कुठे नेणार आता?"

वहिनी भावजींना भरवत होत्या. डोळे सुजलेले. "कुठे नेऊ ते मला तरी कुठे कळतंय गं, हेमा? पण पायाखाली लाकूड करकरत होतं, आणि तुझी सान्वी तिथेच उड्या मारत होती."

राग काही गेला नाही, पण मी मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. माझी खोली शेवटची, आणि रागाच्या भरात मी तीच तुळई ओलांडून आलेले. आता घरी जायचं तर वाट तीच.

पलीकडून सान्वीने हाक मारली, "आई, मी येऊ का गं तिकडे?"

"नको!" आम्ही दोघी एकदमच किंचाळलो.