तांडेलकाकांचं कुलूप

तांडेलकाका फोन तपासताना कधी 'हॅलो' म्हणत नसत. नवा फोन बसवला की पलीकडच्याला विचारायचे, "जेवलास का?" पलीकडे मोठे साहेब असले तरी तेच. उत्तर नीट ऐकू आलं की फोन पास.

तारापूरच्या आमच्या कारखान्यात ते टेलिफोन सांभाळायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होते. माणूस केळव्याच्या मच्छीमारांतला. बोटीवरच्या वायरलेसवर बोललेलं घरचं भांडणसुद्धा सगळ्या बोटींना ऐकू जातं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे इंटरनेटवरचे फोन आले आणि वाटेत कुणाला कळणार नाही असं बोलणं एन्क्रिप्ट करायची सोय मिळाली, तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली. त्याला ते कुलूप म्हणत. "दोघांचं बोलणं दोघांतच राहायला पायजे. तिसऱ्याचं काय काम हाय?"

एका शनिवारी त्यांनी मुख्य यंत्रणेत कुलूप सक्तीचं केलं. ज्या फोनला ते जमत नाही, त्याचा कॉल लागणारच नाही. मी म्हटलं, 'जमलं तर कुलूप, नाहीतर साधं' असं ठेवू या. त्यांनी मला वेड्यात काढलं. मग गेटपासून कँटीनपर्यंत एकूणएक फोन तपासला, प्रत्येकाला जेवणाचं विचारलं. राहिला तो त्यांच्या घरचा. वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून कारखान्याचाच एक जुना फोन त्यांनी घरी बसवला होता. मलाही तो आठवला नाही. खरं सांगते, मला घरी जायची घाई होती.

सोमवारी दुपारी काकूंच्या छातीत दुखू लागलं. त्या घरात एकट्याच होत्या. शेजारीण आली तोवर सगळं संपलं होतं.

तेरावं उरकून काका कामावर आले ते थेट यंत्रणेतली कॉलची यादी उघडून बसले. त्या दुपारी घरच्या फोनवरून एकामागून एक पाच कॉल. प्रत्येकापुढे लिहिलेलं, नाकारला.

"मीच तिला दाराबाहेर उभी ठेवली," ते म्हणाले.

मग त्यांनी सक्ती काढून टाकली. "आधी फोन लागायला पायजे. कुलूप मागाहून." आणि आपल्या बंद घराचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला धरून बसून राहिले. पलीकडे रिंग वाजत होती, मलाही ऐकू येत होती.

"आता लागतो हाय," ते म्हणाले.

काकाही गेले गेल्या वर्षी. त्यांची ती शेवटची सेटिंग अजून तशीच आहे. नवा फोन बसवला की आता मी तपासते, सगळे, कुणाच्या घरचा असला तरी. पण 'हॅलो'च म्हणते. जेवणाचं विचारायला माझी जीभ रेटत नाही.