चौरंगावरचा हत्ती

हे आत्ताच सांगायला हवं, उद्यापर्यंत मला धीर निघणार नाही. टायपो झाले तर समजून घ्या. मी हे लिहितेय तेव्हा समोर चौरंगावर एक नाणं आहे, ते माझं नाही, आणि मला त्याला हात लावता येत नाहीये.

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. ऑफिस महापेला, घर कोपरखैरणेला, आणि सुट्टीच्या दिवशी कुठे नाण्यांचं प्रदर्शन असलं की मी तिकडे. तिथेच हे नाणीवाले काका भेटले. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. नाणं असं कडेने उचलतात की वाटावं ते झोपलंय. पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "घासायचं नाही. पुसायचंसुद्धा नाही. हा काळा थर आहे ना, ती त्याची कातडी आहे."

गेल्या आठवड्यात त्यांनी मला त्यांचं सातवाहनांचं हत्तीचं नाणं दिलं. फोटोसाठी, कारण माझ्याकडे बारीक वस्तूंची लेन्स आहे. अंगठ्याच्या नखाएवढं, काळंकुट्ट, आणि नीट बघितलं की सोंड वर केलेला हत्ती. हे नाणं ते कुणाच्या हातात देत नाहीत. मला दिलं. फोटो काढून मी ते आईच्या कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवलं, तिच्या चांदीच्या लक्ष्मीच्या नाण्याशेजारी. म्हटलं, घरात याहून सेफ काय असणार.

आज लक्ष्मीपूजन. संध्याकाळी घरी पोचले तर पूजा मांडलेली, लाह्या-बत्तासे, नवीन झाडू, सगळं. तांदळावर चांदीचं नाणं. आणि त्याच्या शेजारी, हळदीकुंकवात माखलेलं, झेंडूच्या पाकळीखाली अर्धं झाकलेलं, ते.

"आई, हे कुठून घेतलंस?"

"लॉकरमधून. आणलंस ते सांगितलं पण नाहीस गं." आईचा चेहरा असा फुललेला. "मला वाटायचं तुला देवाधर्माचं काही नाहीच. पूजेसाठी जुनं नाणं शोधून आणलंस, बाबांना पण सांगितलं मी."

मला पुढचं विचारायचीच भीती वाटत होती. "धुतलंस?"

"पंचामृताने. नंतर बोल, मुहूर्त चाललाय."

आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवतेय आणि डोळे त्या नाण्याच्या कडेवर. कडेला चमक होती. दिव्याची असेल, मी स्वतःला सांगत होते. दुसरं कडवं चालू असताना बेल वाजली. काका. फराळाला या म्हणून मीच बोलावलं होतं, जाताना नाणं घेऊन जाणार होते.

ते चपला काढून मागे उभे राहिले, आरती घेतली. आई बत्तासा देत म्हणाली, "हे बघा, तुमच्या शिष्येने काय आणलंय लक्ष्मीला. इतकं काळं होतं, लक्ष्मीपुढे तसं कसं ठेवणार? तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासलं. दोनदा. काथ्याने."

काका वाकले. बराच वेळ वाकून होते. बाहेर सोसायटीत फटाक्यांची माळ लागली होती, मला वाटलं ती संपूच नये.

"छान चमकतंय, वहिनी," ते म्हणाले.

"जवळून बघायचंय? पण उद्या सकाळपर्यंत हलवत नाहीत हो, मांडलेली लक्ष्मी आहे."

"नाही नाही. राहू दे."

मग ते बसले. चकली खाल्ली, बाबांशी मेट्रोबद्दल बोलले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी लिफ्टपर्यंत गेले सोडायला.

"काका, मी सांगते आईला. आत्ता जाऊन सांगते, ते तुमचं आहे म्हणून."

"आज नको. सणाचं तिचं तोंड कशाला उतरवतेस." लिफ्टचं बटण त्यांनी परत दाबलं, लिफ्ट येतच होती तरी. "त्या हत्तीचा उठाव आधीच किती झिजलेला होता, तुला माहितीय. सकाळी उचललंस की उजेडात बघ. सोंड दिसली तर फोन कर."

"आणि नाही दिसली तर?"

"तर लक्ष्मीकडेच राहू दे. मला परत आणून दाखवू नकोस."

दार लागलं.

आता आई स्वयंपाकघरात आहे, मध्येच डोकावून म्हणाली, "पुढच्या वर्षी अजून एक आण हां, जोडी होईल." मी "हो" म्हटलं. मोबाईलचा टॉर्च लावून लांबून बघायचा प्रयत्न केला, पण वर कुंकू एवढं आहे की हत्तीचे पायसुद्धा दिसत नाहीत. एक बोट लावलं तर कळेल. लावत नाहीये. आईसाठी लावत नाहीये की मला बघायचंच नाहीये, ते मलाच सांगता येत नाही.

तुमच्या घरी झालंय का असं कधी? कुणीतरी प्रेमाने घासून लख्ख केलं आणि तुम्हाला बोलताच आलं नाही? मग सकाळी तुम्ही काय केलंत?