महादेवनं केलेला रिपोर्ट

आमची लष्करी पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. माणसं अकरा. मी हवालदार, गाव वडवणी. माझ्या हाताखाली नाईक हुद्द्यावरचा महादेव होता, नांदूरघाटच्या मेंढपाळाचा मुलगा. एकाच जिल्ह्याचे म्हणून तो मला दादा म्हणायचा.

त्या डिसेंबरात मला दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला जावं लागायचं. आव आणि रक्त पडायचं. मूळव्याध असेल म्हणून मी गप्प बसलो. नायब सुभेदारीचं प्रमोशन तोंडावर होतं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की ते जाणार, हे मला माहीत होतं.

एका सकाळी महादेवनं बर्फावरचं रक्त पाहिलं.

"दादा, हे कावून लपवताय? रिपोर्ट करा."

"गप बे. अकरा दिवस झाले, मूळव्याध हाय. कुणाला बोलायचं न्हाई."

चौथ्या दिवशी पेट्रोलवरून परतताना मी कोसळलो. वेळ अकरा वीस. महादेवनं रेडिओ सेट घेतला.

"सेट खाली ठेव. ऑर्डर आहे," मी म्हणालो.

त्यानं ऐकलं नाही. "कॅज्युअल्टी वन. शौचातून रक्त, पंधरा दिवसांपासून. इव्हॅक्युएशन पाहिजे. ओव्हर."

पंधरा दिवसांपासून. म्हणजे मी लपवलं, हे वर कळलं.

दीड वाजता हेलिकॉप्टर आलं. हॉस्पिटलात आधी जंतूंचा जुलाब समजून औषध दिलं. गुण आला नाही. मग दुर्बिणीतून आतडं तपासलं, तुकडा काढून लॅबला पाठवला.

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," मेजर डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत. आजार ताब्यात राहील. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत."

"किती दिवस?"

"कायम."

रक्त थांबलं. कॅटेगरी खाली गेली, प्रमोशनही गेलं. महादेवचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत.

फेब्रुवारीत पोस्टवर हिमकडा कोसळला. पाच जण गेले. त्यात महादेव होता. माझ्या जागी आलेला हवालदारही होता.

आता मी वडवणीत असतो. गोळ्या चालू आहेत. तपासणीला बीडला जातो. निवृत्तीनंतर एकदा नांदूरघाटला गेलो. महादेवच्या वडलांनी पाणी दिलं, समोर बसले.

"महादू सांगायचा, दादा फोन उचलत न्हाईत. लई आजारी व्हते का तुमी?"

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी उठून फिरत होतो. फोन माझ्या हातातच असायचा.