फोटोत न आलेला भारा
ताज्या कापलेल्या गवताचा वास आला की मळवलीची ती सकाळ आठवते. बंगल्याची राखण करणारा आमचा शेजारी वर्तमानपत्र घेऊन दारात आला. “गुरुजी, काय लिवलंय वाचा की. मला बघून लोक दारं लावत्यात.” दोन दिवसांपूर्वी त्याच बंगल्याच्या मालकाने पाणवठ्याची वाट तारेने अडवली म्हणून वाडीतली माणसं कुंपणापाशी जमली होती. हा गवत कापून तसाच तिथे गेला होता. डोक्यावर भारा, कमरेच्या लाकडी आकडीत कोयता. छापलेल्या फोटोत भारा नव्हता, कोयता तेवढा होता. वर मथळा होता, ‘पर्यटनस्थळी दहशतीचे सावट, हा शस्त्रधारी कोण?’ पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. मी वाचून दाखवलं तसा तो हसला. “आकडीत कोयता न्हाई तर काय, पेन लावू?” मग हळूच म्हणाला, “मालकानं चावी काढून घेतली, गुरुजी.” मी संपादकांना तीन पत्रं लिहिली. एकही छापलं नाही. परवा त्याचा दहावा झाला. नदीकाठी पाटावर हार घातलेला तोच फोटो होता, मथळा कापून चौकटीत बसवलेला. घरात त्याचा दुसरा फोटोच नव्हता.