चेंबर झाकण्याआधी

काष्टीच्या दौंड रस्त्यावर कानिफनाथचं गॅरेज आहे आणि त्या गॅरेजात एक नियम आहे, ज्याच्यापायी गिऱ्हाईकं वैतागतात. इंजिनाचं पोट उघडलं की झाकण्याआधी मालकाने स्वतः गाडीखाली शिरून आत बघायचं. कुणी कंबरेचं निमित्त सांगतं, कुणी धुतलेल्या कपड्यांचं. कानिफनाथ काही वाद घालत नाही. पोतं अंथरतो, टॉर्च हातात देतो आणि वाट बघत बसतो. एका बागायतदाराला तर त्याने लग्नाला निघालेल्या कपड्यांत आडवं केलं होतं.

हा नियम लागला सुहास सरांमुळे. अकरा वर्षांपूर्वी दौंडच्या उस्तादाला रामराम ठोकून कानिफनाथने इथे पत्र्याची शेड टाकली, तेव्हा महिना उलटला तरी पंक्चरपलीकडे कुणी फिरकेना. कालच्या पोराच्या हातात इंजिन देणार कोण? मग एका शनिवारी हायस्कुलातले सुहास सर त्यांची फोर बाय फोर जीप घेऊन आले. इंजिनाच्या बुडाशी तेलाचं भांडं असतं, मेकॅनिक मंडळी त्याला चेंबर म्हणतात, ते गळत होतं. कानिफनाथने ते उतरवलं, पुसलं, गळती थांबवायची भरपूर पेस्ट लावून पुन्हा बसवलं. काम झाल्यावर सर पांढऱ्या पँटीनिशी गाडीखाली शिरले आणि चांगला अर्धा तास खालून बघत राहिले. कानिफनाथ मनात म्हणाला, मास्तर माणूस, चूक काढल्याशिवाय थोडाच उठणार! पण सर उठले, कपडे झटकले आणि हसून निघून गेले. पुढच्या आठवड्यापासून शेडसमोर गाड्या लागायला लागल्या. इतकं बारकाईने बघणाऱ्याला आपलं काम पटलं, याचा कानिफनाथला केवढा आधार वाटला! तेव्हापासून मालकाला दाखवल्याशिवाय त्याने एकही इंजिन झाकलं नाही.

सरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. जीप त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई चालवतात. त्याही शिक्षिका, निवृत्त, राहायला केडगावला. दर सोमवारी पारनेरकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवर पोरांना शिकवायला जातात. वाटेत ओढा आणि पुढे मोठाल्या दगडांची चढण, साधी गाडी तिथे पायच ठेवत नाही. आणि नेमका आता तेलाचा लाल दिवा लागायला लागला. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी नुसती चालू करून बघितली आणि सांगितलं, इंजिन संपलं, विकून टाका. गाडी गेली म्हणजे सोमवार गेला आणि वस्तीही गेली. बाईंनी जीप टेम्पोवर चढवली आणि सरळ काष्टी गाठली. वाईटच ऐकायचं तर निदान कानिफनाथच्या तोंडून ऐकू, असं त्यांनी ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. बाई बाकावर बसून चहा घेत होत्या. साध्या गाडीचं चेंबर तासाभरात उतरतं, पण फोर बाय फोरला पुढच्या चाकांचा जाडजूड एक्सल नेमका चेंबरखाली आडवा पडलेला असतो. कानिफनाथने तेल काढलं, गाडी उचलून चेसिसखाली टेकू द्यायला लोखंडी घोडे लावले, शॉकॲब्सॉर्बर सोडले आणि एक्सल हळूहळू खाली लोंबू दिला. त्याची बायको राहीबाई गॅरेजात त्याच्या बरोबरीने काम करते. तिने पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढला आणि निघेल तो बोल्ट त्याच्या त्याच्या जागी खोचत गेली, म्हणजे लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल नको. बोल्ट संपले तरी चेंबर हलेना. मग जुन्या करवतीचं पातळ पातं कडेने फिरवत फिरवत त्याने ते सोडवलं.

आत तेल ओढणारी जाळी असते. ती सोडवून बघितली आणि कानिफनाथचा चेहराच उतरला. जाळीभर लाल रबरासारखे तुकडे अडकले होते. लाल पेस्ट! ती त्याने फक्त पहिल्या वर्षी वापरली होती, आणि हे चेंबर त्याच्याशिवाय कुणी कधी उघडलंच नव्हतं. ज्या जीपने त्याला उभं केलं, तिचाच गळा त्याने स्वतःच्या हाताने आवळला होता. तेल कमी पडलं की आधी आतली बेअरिंगं झिजतात, म्हणून त्याने एका बेअरिंगची टोपी खोलली. बेअरिंग शाबूत होतं. केवढं सुटल्यासारखं वाटलं त्याला!

राहीबाई हळूच म्हणाली, आधी धुऊन घ्या, मग दाखवा, यात कुठं खोटं बोलणं आलं? डिझेलचा ट्रे समोरच होता. जाळी एकदा बुडवली की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. कानिफनाथने जाळी ट्रेपर्यंत नेलीही. मग ती आहे तशी खाली ठेवली, पोतं अंथरलं आणि बाईंना हाक मारली.

अडुसष्ट वर्षांच्या प्रेमलाबाई पदर खोचून जीपखाली शिरल्या. कानिफनाथ शेजारी आडवा झाला आणि त्याने जाळी टॉर्चच्या उजेडात धरली.

"बाई, ही लाल पेस्ट माझी हाय," तो म्हणाला. "तवा वाटायचं, जितकी जास्त तितकं पक्कं. आत उतरलेली समदी सुटून हितं बसली. शहरातल्यांनी इंजिनावर ढकललं, पर चूक माझी हाय."

"म्हणजे इंजिन संपलेलं नाही?"

"न्हाई बाई. लई वर्षं चालंल आजून."

बाईंनी डोळे मिटले. कानिफनाथला वाटलं, आता दुसरा मेकॅनिक बघते म्हणतील, आणि म्हटलं तरी बोलायला तोंड नाही. तो पुटपुटला, की सरांनी त्या दिवशी अर्धा तास तपासलं होतं, पण आतलं त्यांना तरी कसं दिसणार.

बाई पडल्या पडल्याच हसल्या. "तपासलं? अरे, सरांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं."

"मग ते अर्धा तास काय करत हुते?"

"शनिवार होता ना, बाजाराचा दिवस! घरी येऊन म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, पण लोक भितात. म्हणून बाजार सुटेपर्यंत गाडीखाली पडून राहिलो. मास्तरांची गाडी याने खोललीय, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायला नको का?"

अकरा वर्षं कानिफनाथ ज्याला परीक्षा समजत होता, ती सरांनी त्याच्यासाठी मातीला टेकलेली पाठ होती. त्याने तेलकट हातानेच डोळे पुसले. "सर नसते तर मी आजबी दौंडात दुसऱ्याचे पाने पुसत बसलो असतो, बाई," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातल्या जाळीकडे बोट दाखवलं. जा, धुऊन आण, म्हणाल्या, सोमवारी पोरं वाट बघतील. तो उठला आणि त्यांना उठवायला हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही.

"आज शनिवारच ना? बाजार कधी सुटतो?"

"सुटलाच की."

"मग राहू दे मला जरा वेळ."

रस्त्याने जनावरं घेऊन माणसं परतायला लागली होती. वासरू ओढत चाललेला गावातला छगन जीपखालून बाहेर आलेले बाईंचे पाय बघून दचकला आणि थांबला. बाई, काय झालं, म्हणून विचारायला लागला.

"काही नाही," बाई खालून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कानिफनाथने माझी गाडी वाचवली, ती बघतेय."

राहीबाईने घरातून उशी आणली आणि बाईंच्या डोक्याखाली सरकवली. कानिफनाथ ट्रेपाशी बसून जाळी धुवायला लागला.