म्हाताऱ्याची जागा

आत्माराम खानविलकरने जन्मात कधी कोंबडीसुद्धा हातात धरली नव्हती. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत कुठल्या टॉवरला किती सळई लागेल, एवढंच तो जाणायचा. दोन हजार आठच्या मंदीत टॉवर अर्धवट राहिले, ऑफिसला कुलूप लागलं आणि निम्मे सहकारी बायकामुलांसह घरी परतले. हा मात्र दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटला चिकटून बसला. मुलीचं, शर्वाणीचं दहावीचं वर्ष होतं, आणि नोकरी गेली की तिथे व्हिसाही जातो. शेवटी ओळखीच्या इद्रीसने त्याला फुजैऱ्याच्या वाटेवर आपल्या अरबाबच्या फार्मवर सुपरवायझर म्हणून लावून घेतलं. त्या मालकाने हौसेने हरणं पाळली होती, आपल्या चिंकाऱ्याची चुलत भावंडंच म्हणा ना. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, याने हरणांचे धरले.

त्यातला एक म्हातारा नर आत्मारामला फार आवडायचा. कान फाटलेला, तोंडावर कायमचा त्रासिक भाव. ऑक्टोबरात हरणं माजावर आली आणि एका तरण्या नराने म्हाताऱ्याला रोज बडवायला सुरुवात केली. मोकळ्या डोंगरात हरलेला नर निघून जातो, कुंपणात जाणार कुठे? मांडीत शिंग घुसलं, खाणं सुटलं, तरी हा मेला माद्यांच्या मागे जायचा आणि पुन्हा मार खायचा. अरबाबचा निरोप आला. शनिवारी तो वेगळा करता आला तर ठीक, नाहीतर हलाल करा, उगाच हाल नकोत.

जाळं टाकावं तर हरीण धसक्यानेच मरतं. म्हणून दुबईहून डॉक्टर अपर्णा बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक घेऊन येणार होती. ती मूळची परभणीची. तिला नराच्या जवळ, लपतछपत न्यायचं काम आत्मारामचं.

नेमकी शनिवारीच नरकचतुर्दशी. आदल्या दिवशी तो सुट्टीला घरी आलेला. पहाटे बायकोने, मीनाक्षीने पाट मांडला.

"अहो, जायचं तर जा, पण पहिली आंघोळ केल्याशिवाय नाही."

तिने पाठीला वासाचं तेल चोळलं, वर उटणं. शर्वाणी डोळे चोळत म्हणाली, "बाबा, यू स्मेल लाइक अ टेम्पल!" आत्माराम खुशीत गाडीत बसला. शिकाऱ्याने आंघोळ करू नये, हे त्याला सांगणार कोण?

फार्मवर दोघं बाभळींच्या आडून, वारा तोंडावर घेत पुढे सरकली. म्हातारा टप्प्यात येणार, तोच वारा फिरला. एका मादीने नाक वर केलं, फुर्रकन श्वास सोडला, पाय आपटला, आणि सगळा कळप उधळला. तरणा नर माद्यांमागे धावला.

अपर्णा आत्मारामकडे वळली. "काका, तुम्ही उटणं लावून आलात?"

आत्मारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या दिवाळीपायी एका जिवाची मान सुरीखाली जाणार होती. पण अपर्णाने त्याचा दंड दाबला. म्हातारा पळाला नव्हता. सगळे गेले तरी तो लंगडत आपल्या जमिनीच्या तुकड्यावर उभा होता, मान ताठ करून, जणू लढाई त्यानेच जिंकली होती. अपर्णाने बंदूक रोखली.

तो कोसळला तसा आत्मारामने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हरीण बेशुद्ध होतं, पण पाय अजून पळत होते.

"यल्ला यल्ला, ट्रॉली लाओ!" इद्रीस ओरडत आला. जखम शिवून त्यांनी म्हाताऱ्याला पलीकडच्या लहान वाड्यात ठेवलं.

जीव वाचला, पण मन तिथे रमेना. दिवसभर तो जाळीला नाक लावून जुन्या तुकड्याकडे बघत उभा राही. चाऱ्याला तोंड लावीना. "इसका तो खलास है, भाई," इद्रीस म्हणाला. आत्माराम त्याच्यावर असा खेकसला, की दोघंही चपापले. भाऊबीजेलाही तो घरी गेला नाही.

मग एका सकाळी वाड्याच्या कोपऱ्यात त्याला लेंड्यांचा लहानसा ढीग दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी. त्याने घाबरून अपर्णाला फोन लावला. पोट बिघडलं की काय?

ती हसली. "नाही काका. नर जी जागा आपली मानतो ना, तिथेच रोज टाकतो. त्याने मुक्काम ठरवला. आता खाईल बघा."

आत्मारामने लगेच घरी फोन केला. "अगं, म्हाताऱ्याने लेंड्या टाकल्या!"

"इश्श! हे सांगायला फोन?" मीनाक्षी म्हणाली. "मला वाटलं, काय झालं."

ऑफिसला कुलूप लागलं तेव्हा, मित्रांना विमानतळावर सोडलं तेव्हा, कधीच न रडलेला तो माणूस त्या वाड्यात उकिडवा बसून हमसून हमसून रडत होता. मीनाक्षी फोन कानाला लावून तशीच थांबून राहिली.