उजव्या बुटाला वाढीव सोल

आदल्या संध्याकाळी मी गॅलरीत बसून ड्रिल बूट पॉलिश करत होतो. सुनंदा, माझी बायको, दाराला टेकून बघत होती. ती बोलत असली की सगळं ठीक असतं. गप्प झाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

"हे कशाला काढलेत?" शेवटी तिनं विचारलं.

"उद्या मिलिंदचा दिवस."

"मग चप्पल घालून चला. फुलं वाहा, हात जोडा, घरी या."

"हवालदार चपलेत सॅल्यूट मारतो का गं?"

तिनं उजवा बूट उचलला, उलटा करून बघितला आणि ठेवून दिला. "याचाच सोल एवढा जाड कसा?"

"मोच्याकडून लावून घेतला."

"डिमेलो मॅडमना विचारलंत?"

मी ब्रश मारत राहिलो. ती आत गेली आणि भांडी जरा जोरातच ठेवायला लागली.

तुम्हा सिव्हिलियन लोकांना आधी पायाचं सांगतो. मी यशवंत, रिटायर्ड हवालदार, राहणार घोडपदेव, चाळीचा दुसरा मजला. डोंगरातल्या पोस्टिंगमध्ये डावा खुबा झिजला. पेन्शनीत आल्यावर त्यानं दावा साधला. शेवटी गणपती विसर्जन झाल्यावर परळच्या एका हॉस्पिटलात खुब्याचा सांधा बदलला. दुखणं गेलं. वॉकर सुटला, काठी आली. आणि मग लक्षात आलं की डावा पाय लांब झालाय.

फार नाही. बोटाच्या पेरापेक्षाही कमी. पण सपाट फरशीवर उभं राहिलो तरी डाव्या पायाखाली कोणी पाट सरकवल्यासारखं वाटे. उजवा खांदा खाली जाई. आरशात बघितलं की माझाच मला राग येई. आयुष्यभर पोरांना ओरडलो, "सीधा खडा हो!" आणि आता स्वतः तिरका.

फिजिओथेरपिस्ट ग्लेंडा डिमेलो. मूळची माझगावची, वयानं माझ्या मुलीएवढी, पण आवाज आमच्या सुभेदार मेजरचा. तिनं उजव्या पायाखाली पातळ फळ्या ठेवून ठेवून बघितलं, कंबरेवर दोन्ही हात ठेवून अंदाज घेतला.

"अंकल, ऐका ना. थोडा फरक खरा आहे. बाकीचा तुमची कंबर करतेय. इतकी वर्षं दुखतं म्हणून वाकडी धरलीत, ती आता सोडत नाहीये. व्यायाम करा, सैल होईल. मग उरेल तेवढ्यालाच सोल लावू."

"आत्ताच लावला तर?"

"तर कंबर तशीच वाकडी बसेल. आणि अजून एक. गुडघा कंबरेच्या वर न्यायचा नाही. पाय आत वळवायचा नाही. सांधा निखळला तर पुन्हा टेबलावर. कळलं?"

"यस मॅडम."

यस मॅडम म्हणालो आणि लालबागला पुलाखालच्या मोच्याकडे गेलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आम्हालाच बघून. त्यानं उजव्या बुटाला चामड्याचे तीन थर चढवले, वर पुन्हा लोखंडी नाल ठोकली. घरी घालून आरशासमोर उभा राहिलो. खांदे सरळ! वाटलं, बास, जिंकलो. मात्र त्याच दिवसापासून खुब्यात कधीकधी टक् असं व्हायला लागलं. खुर्चीतून उठताना, जिना चढताना. ते मी कोणाला सांगितलं नाही.

एवढा अट्टाहास कशासाठी, ते सांगतो. लान्स नाईक मिलिंद माझ्या सेक्शनचा. लोअर परळच्या चाळीतला, त्यामुळे पलटणीत आम्ही दोघं गाववाले. हिवाळ्यात बॉर्डरवरच्या एका पोस्टवर सकाळी शेलिंग झालं आणि तुकडा त्याच्या पोटात लागला. रेडिओवर मीच होतो.

"अल्फा फॉर चार्ली. वन कॅज्युअल्टी. सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"चार्ली फॉर अल्फा. वेदर बंद आहे. वेट करा. ओव्हर."

"अल्फा. वेट नहीं कर सकता. ओव्हर."

"वेट. आउट."

धुकं उठलं नाही. दुपारी मिलिंद गेला.

तेव्हापासून त्याच्या दिवशी त्याच्या चाळीच्या चौकात टेबल मांडतात. पांढरा कपडा, फोटो, मेणबत्त्या, फुलं. त्रिसरण-पंचशील होतं. मग मी बेरे टोपी आणि मेडल्स लावून पुढे जातो, विश्राममधून सावधान होतो आणि सॅल्यूट करतो. दरवर्षी त्याची आई समोर खुर्चीत बसून ते बघते. बाकी कार्यक्रमात तिचं लक्ष नसतं. नाल आपटल्याचा आवाज झाला की मान हलवते, जसं काही हजेरी लागली. वय ऐंशीच्या पुढे. यंदा नाही दिसलो नीट, तर पुढच्या वर्षी ती असेल याची काय खात्री? मला तिच्यासमोर लंगडं उभं राहायचं नव्हतं. एवढंच होतं माझं.

आता गोम इथंच आहे. विश्राममधून सावधान म्हणजे काय? डावा पाय उचलायचा, गुडघा कंबरेपर्यंत, आणि उजव्याशेजारी आपटायचा. डावाच.

सकाळी टॅक्सीनं गेलो. सुनंदा शेजारी बसली होती, वाटेत एक शब्द बोलली नाही. चौकात शिरलो तेव्हा सगळं मांडून झालं होतं. मिलिंदच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जयभीम, यशवंता. पाय बरा का रे?"

"जयभीम आई. एकदम फिट."

"चेहरा का उतरलाय मग?"

वंदना झाली. काठी सुनंदाकडे दिली. तिनं माझं मनगट धरलं. "अहो, नका ना." मी हात सोडवून घेतला. हळू चालत टेबलासमोर गेलो, विश्राममध्ये उभा राहिलो. उजव्या बुटाचं ओझं जाणवत होतं. खुब्यात टक् झालं. मी ऐकलं. तरी छाती काढली आणि स्वतःच आवाज दिला.

"सावधान!"

गुडघा वर गेला. खाली आला तो माझा राहिला नव्हता. आत काहीतरी सटकलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी फरशीवर आडवा. डावा पाय आत वळला होता. आणि गंमत बघा, लांब लांब म्हणून ज्याच्या नावानं रडत होतो तो आता उजव्यापेक्षा आखूड दिसत होता.

लोक धावले. "कोणी हलवू नका! अॅम्ब्युलन्स!" मी ओरडलो. तेवढी हवालदारकी शिल्लक होती.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. भूल देऊन सांधा परत बसवला. डिमेलो मॅडमनी अशी काही खरडपट्टी काढली की सुभेदार मेजर बरे. मोच्याचे थर तिनं स्वतः पकडीनं उपटले. पण ते नंतर.

तेव्हा मी पडलेला होतो, आणि आई खुर्चीतून उठून आली. खाली बसली. तिचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले. माझं डोकं उचलून तिनं मांडीवर घेतलं.

"दुखतंय?"

"हो आई."

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. मग खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या पोराचं डोकं होतं का रे असं कोणाच्या मांडीवर?"

पलटणीतून आलेल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, जागच्या जागी गेला, काही कळलं नाही. इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मला खोटं बोलवेना.

"होतं आई. माझ्याच."

"किती वेळ?"

"दुपारपर्यंत."

तिचा हात थांबला. "काही बोलला?"

"पाय गार पडले म्हणाला. बूट काढा म्हणाला."

"काढलेस?"

"काढले. मोजेसुद्धा काढले. मग डोकं दुसऱ्याच्या मांडीवर दिलं. पाय चोळत होतो, आई. शेवटपर्यंत चोळत होतो."

मला हुंदका आवरला नाही. सगळ्यांसमोर रडलो. तिनं सुनंदाला खूण केली, माझं डोकं तिच्या मांडीवर दिलं आणि बसल्या बसल्या सरकत माझ्या पायांशी गेली.

"डाव्याला हात लावू नको, आई."

"नाही लावत."

उजव्या बुटाची नाडी तिनं सोडली. तो जड बूट दोन्ही हातांनी ओढून काढला, मोजा काढला आणि माझा तळवा चोळायला लागली.

"मोठे होते ना रे त्याचे पाय?" ती म्हणाली. "नऊ नंबर लागायचा."

"हो आई. नऊ नंबर."